'निष्क्रिय' अँटेना आळशी नसते

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या विज्ञान पुरवणीत मागच्या आठवड्यात बिनतारी संदेशवहनातल्या 'स्मार्ट' अँटेनांवर लेख आला होता. तो मी दोनदा वाचला, एकदा कौतुकाने आणि एकदा हातात लाल पेन घेऊन. तीस वर्षं अँटेना बनवण्यात आणि मोजण्यात गेली. मी निवृत्त झाले, पण पेन काही निवृत्त व्हायला तयार नाही.

लेखकाने झोत वळवणाऱ्या, म्हणजे लहरी हव्या त्या दिशेला जोरात पाठवणाऱ्या, अँटेनांच्या दोन जाती सांगितल्या आहेत, 'सक्रिय' आणि 'निष्क्रिय', आणि निष्क्रिय जातीला एका वाक्यात निरोप देऊन टाकला आहे. पुढचा सगळा लेख हजारो घटकांच्या, प्रत्येक घटकामागे स्वतंत्र अॅम्प्लिफायर (सिग्नलची ताकद वाढवणारा भाग) असलेल्या सक्रिय अँटेनांवर. वाईट मला त्या निरोपाचं वाटलं, आणि त्याहून जास्त त्या शब्दाचं. 'निष्क्रिय' म्हटलं की मराठी वाचकाला फायलींवर डोकं टेकून डुलकी घेणारा माणूस दिसतो. भरीला त्याच परिच्छेदात 'परोपजीवी घटक' असाही शब्द आहे. म्हणजे एक आळशी आणि दुसरा फुकट खाणारा! अशा मंडळींना कोण कामावर ठेवेल?

मूळ इंग्रजी शब्द 'पॅसिव्ह'. पॅसिव्ह म्हणजे सिग्नलमध्ये स्वतःची ताकद न घालणारा, एवढंच. आरसा पॅसिव्ह असतो. तो उजेड तयार करत नाही, पण कवडसा छतावर पडणार की समोरच्याच्या डोळ्यांत, हे आरसाच ठरवतो. भिंगही पॅसिव्हच. अँटेनाच्या बाबतीत झोत वळवण्याचं मूळ कामच असं आहे की त्यात ताकद घालावी लागत नाही. एकच लहर दोन-चार ठिकाणांहून बाहेर पडू द्यायची आणि कुठून ती किती उशिरा निघेल एवढं सांभाळायचं. ज्या दिशेला सगळ्यांची पावलं जुळतात तिकडे झोत जातो, जुळत नाहीत तिकडे अंधार. शेजारच्या दोन अँटेनांत अर्ध्या तरंगलांबीचं अंतर असेल आणि प्रत्येक पुढची अँटेना आधीचीपेक्षा पाव आवर्तनाने, म्हणजे ९० अंशांनी मागे चालत असेल, तर झोत सरळ न जाता ३० अंशांनी कलतो. या ९० अंशांसाठी फार काही लागत नाही. पाव तरंगलांबीची जादा तार जोडली तरी काम होतं. तार कुठली आली सक्रिय?

कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी १९०५ मध्ये तीन अँटेना वापरून लहरी एका बाजूला जोरात पाठवून दाखवल्या तेव्हा ट्रान्झिस्टर तर सोडाच, अॅम्प्लिफायर म्हणून वापरता येईल अशी काचेची नळीदेखील नव्हती.

आता त्या 'परोपजीवी' मंडळींबद्दल. आमच्या टेबलावर आम्ही त्यांना 'सोबती' म्हणायचो आणि या पत्रात मी तेच म्हणणार आहे. १९२६ मध्ये जपानमधल्या सेंदाईच्या विद्यापीठात शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी दाखवून दिलं की एकाच दांडीला वीज जोडा, तिच्या पुढे-मागे कशालाही न जोडलेल्या दांड्या नुसत्या उभ्या करा, तरी झोत एका बाजूला जातो. घरांच्या गच्चीवर दिसणारी ती माशाच्या काट्यासारखी टीव्हीची अँटेना याच घराण्यातली. (खटपट मुख्यतः उदांची, पण १९२८ मध्ये इंग्रजीतून लिहिलं यागींनी, आणि जगाच्या तोंडी नाव बसलं ते यागींचं. सोबत्यांच्या नशिबी हे नेहमीचंच.) मागची दांडी अर्ध्या तरंगलांबीपेक्षा किंचित लांब ठेवायची. मुख्य दांडीची लहर तिच्यावर आदळली की तिच्यातही प्रवाह सुरू होतो, पण लांबीमुळे तो रेंगाळतो, आणि ती जी लहर परत सोडते ती मागच्या बाजूला मुख्य लहरीला मारते, पुढच्या बाजूला हात देते. पुढच्या दांड्या किंचित आखूड ठेवल्या की त्या उलट वागतात, लहरीला पुढे ओढून नेतात. लांब-आखूड हा फरक मोजक्या टक्क्यांचा. एवढ्यात झोताची दिशा ठरते.

यात झोत एका बाजूला जातो खरा, पण वळत नाही. वळवायचा तर दांड्या कापा-जोडायला हव्यात. इथे ती युक्ती येते जिच्यावर माझा जीव आहे. दांडी प्रत्यक्ष कापायची गरज नसते, तिच्या बुडाशी छोटा कपॅसिटर घातला की विजेच्या दृष्टीने ती आखूड होते, कॉइल घातली की लांब. रॉजर हॅरिंग्टन यांनी १९७८ मध्ये हा विचार नीट मांडला: मध्ये एक चालू अँटेना, भोवती सोबती, आणि प्रत्येक सोबत्याच्या बुडाशी बदलता येणारा भार, म्हणजे असाच कपॅसिटर किंवा कॉइल. पुढे २००० च्या सुमारास जपानमधल्या एटीआर या संशोधन संस्थेने मध्ये एक आणि भोवती सहा अशा सात दांड्यांची 'एस्पार' अँटेना केली, बुडाशी व्हॅरॅक्टर डायोड घालून. व्हॅरॅक्टर हा उलट्या दिशेने वीज दिलेला डायोड. व्होल्टेज बदललं की त्याची कपॅसिटी बदलते, आणि प्रवाह तो जवळजवळ घेतच नाही. रेडिओ एकच, रिसीव्हर एकच, केबल एकच. झोत मात्र चारी दिशांना फिरतो.

अशी अँटेना मी स्वतः २.४ गिगाहर्ट्झला बनवली आहे. पहिल्या खेपेला ती सपशेल फसली, आणि ती कशी फसली हे सांगण्यासारखं आहे. या लहरीची लांबी साडेबारा सेंटीमीटर, म्हणून अॅल्युमिनियमच्या गोल तबकडीवर मध्ये जेमतेम तीन सेंटीमीटरची पितळी दांडी आणि तेवढ्याच अंतरावर गोलाकार सहा सोबती. व्हॅरॅक्टरना व्होल्टेज देणाऱ्या बारीक तारा खालून न्यायच्या तर खाली मोजणीची फिरती तबकडी, तिच्यात त्या गुंडाळल्या जायच्या. म्हणून मी तारा सोबत्यांच्या शेजारून उभ्या वर नेल्या. दिसायलाही नीटनेटक्या. मोजायला घेतलं तर झोत शून्य अंशाला हवा, तो पंचवीसला. दुसरीकडे वळवला तर तिकडेही भलतीकडेच. आम्ही दोन दिवस प्रोग्राममधली चूक शोधत होतो. चिन्ह उलटं आहे का, तक्ता उलटा वाचतोय का, दांड्यांचे नंबर डावीकडून की उजवीकडून.

तिसऱ्या दिवशी आमचे वयस्कर मेकॅनिक सहज डोकावले. इंजिनिअरिंगचं कुठलं पुस्तक त्यांनी वाचलेलं नव्हतं. त्यांनी एक लाकडी पेन्सिल घेतली, त्यातली एक तार हळूच बाजूला ढकलली आणि पडद्याकडे बोट केलं. रेषा हलली होती. "बाई, तुमचे सोबती सहा नाहीत, बारा आहेत," ते म्हणाले.

तारेचा उभा भाग बरोब्बर सहा सेंटीमीटर भरत होता, जवळजवळ अर्धी तरंगलांबी! व्होल्टेज नेण्यासाठी लावलेल्या तारा स्वतःच अँटेना होऊन बसल्या होत्या. दुरुस्ती अगदी साधी निघाली. तारा भोकातून तबकडीखाली घेतल्या आणि दांडीच्या अगदी बुडाशी, तार सुरू होते तिथे, लाखभर ओहमचा रोधक लावला. व्हॅरॅक्टर प्रवाह घेत नाही, त्यामुळे रोधकावर व्होल्टेज वाया जात नाही, आणि रेडिओ लहरीला मात्र ती तार दिसेनाशी होते. झोत शून्यावर आला. या क्षेत्रात नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी ही तारांची गोष्ट सांगते, समीकरणं मागाहून.

पण मला पत्र लिहावंसं वाटलं ते त्याच्या पुढच्या पायरीमुळे. अँटेना चालू लागली तसा तिचा दुसरा स्वभाव दिसायला लागला. सहा व्हॅरॅक्टर, प्रत्येकाला शून्य ते वीस व्होल्टपर्यंत काहीही देता येतं, म्हणजे हव्या त्या झोतासाठी सहा आकडे शोधत बसा. डायोड बदलला, आकडे बदलले. खोली तापली, आकडे सरकले. मोठ्या ताकदीने पाठवायला गेलात तर लहरीचं स्वतःचं व्होल्टेजच व्हॅरॅक्टरला हलवतं आणि नको त्या फ्रिक्वेन्सी उगवतात. मग मी स्वतःलाच विचारलं, इतक्या बारकाईने वळवायचं आहे कशासाठी? या अँटेनाचा झोत मुळात नव्वदेक अंश रुंद. इतका रुंद झोत एकेका अंशाने सरकवणं म्हणजे घोंगडं टाचणीने सरळ करण्यासारखं आहे.

म्हणून व्हॅरॅक्टर काढले आणि प्रत्येक दांडीच्या बुडाशी साधा स्विच बसवला, 'पिन' नावाच्या डायोडचा. दोनच अवस्था. स्विच चालू केला की दांडी तबकडीला जोडली जाते आणि आरशासारखी वागते. बंद केला की ती अधांतरी राहते, आणि पाव तरंगलांबीची अधांतरी दांडी लहरीच्या लेखी जवळजवळ नसल्यातच जमा. एक दांडी जोडली की झोत तिच्या समोरच्या बाजूला. लगतच्या दोन जोडल्या की त्या दोघींच्या मधोमध समोर. झाल्या बारा दिशा, ३० अंशांच्या अंतराने. पलीकडचा माणूस दोन दिशांच्या अगदी मध्यावर उभा असला तरी झोताच्या मध्यापासून तो १५ अंशांवर, आणि तिथे तोटा एक तृतीयांश डेसिबलच्या आसपास. सोप्या भाषेत, शंभरातले सातेक भाग कमी. तापमानाचा तक्ता फेकून दिला. आकडे शोधणारा प्रोग्राम, ज्यावर आमच्यातल्या एकाने कितीतरी महिने घातले होते, तोही फेकला. (त्याने माझ्याशी बरेच दिवस धड बोलणं टाकलं होतं.) नियंत्रणासाठी उरल्या सहा तारा, हो किंवा नाही सांगणाऱ्या. अर्थात पिन डायोड चालू असताना काही मिलिअँपिअर प्रवाह घेतो, व्हॅरॅक्टर घेत नाही. ही किंमत आहेच, आणि बॅटरीवरच्या उपकरणात ती मोजावी लागते.

आपल्या लेखातल्या मोठ्या अँटेनांनाही हीच कात्री लावता येते. फेज शिफ्टर म्हणजे लहरीला ठरावीक उशीर लावणारा भाग. त्याला किती 'बिट' आहेत यावर उशिराच्या पायऱ्या ठरतात. लेखात सहा बिटांचं कौतुक आहे, ६४ पायऱ्या, प्रत्येक ५.६ अंशांची. ऐकायला छान वाटतं. पण पायऱ्या भरड केल्या तर झोताची ताकद किती घटते हे कागदावर दोन ओळींत निघतं. एक बिट, म्हणजे फक्त सरळ किंवा उलट, तर ३.९ डेसिबल तोटा, निम्म्याहून जास्त ताकद गेली. दोन बिट, तोटा ०.९ डेसिबल. तीन बिट, ०.२. तिथून पुढचे तीन बिट मिळून उरलेले ०.२ वाचवतात, बस्स. आणि हे तीन बिट फुकट मिळत नाहीत, कारण प्रत्येक बिट म्हणजे लहरीच्या वाटेत आणखी एक स्विच आणि प्रत्येक स्विच थोडी लहर खातो. आमच्या आठ घटकांच्या बोर्डवर मी मोजलं होतं, एका बिटाला अर्ध्या डेसिबलच्या आसपास. म्हणजे ०.२ वाचवायला दीड डेसिबल मोजायचे. रिसीव्हरमध्ये हे जास्त झोंबतं, कारण पहिल्या अॅम्प्लिफायरच्या आधी गेलेला प्रत्येक डेसिबल सरळ गोंगाटाच्या खात्यात जमा होतो. आठ घटक गुणिले सहा बिट, ४८ नियंत्रण तारा, त्यांच्यासाठी बोर्डचे दोन जादा थर. तीन बिटांवर आल्यावर तारा २४ झाल्या, थर गेले आणि सिग्नल वाढला! बैठकीत हे सांगितलं तेव्हा कुणाला खरं वाटेना. भाग काढले आणि काम सुधारलं असं कानाला पटतच नाही.

शिवाय त्या शेवटच्या बिटाची गंमत पाहा. साध्या बोर्डवरच्या तांब्याच्या पट्टीत २.४ गिगाहर्ट्झची लहर आखडून सातेक सेंटीमीटरची होते. म्हणजे पट्टीचा एक मिलिमीटर म्हणजे पाच अंश. सहाव्या बिटाची पायरी ५.६ अंश. जोडणीत सोल्डरचा थेंब जरा इकडेतिकडे सांडला की तो बिट पाण्यात. आधी तुमचे मिलिमीटर सरळ करा, मग सहावा बिट मागा. झोत बारीक पायऱ्यांनी सरकायला हवा असेल तरी घाबरू नये. घटक बरेच असले की काहींची पायरी वर जाते, काहींची खाली राहते, आणि झोत मधल्या कोनांवरही जाऊन बसतो.

एका बिटाबद्दल सावधगिरीचा शब्द, कारण हल्ली भिंतींवर लावायच्या परावर्तक पृष्ठभागांत तो फार लोकप्रिय झाला आहे. हजारो छोटे तुकडे, प्रत्येकाला एकच स्विच. स्वस्त आणि सुटसुटीत आहे, मला आवडतं. पण सरळ समोरून सपाट लहर आली आणि तुम्ही झोत उजवीकडे ३० अंशांवर पाठवलात, तर तेवढाच दुसरा झोत डावीकडे ३० अंशांवर निघतो. सरळ आणि उलट या दोनच चिन्हांना डावं-उजवं कळत नाही. लहर जवळच्या उगमातून, गोलाई घेऊन येत असेल तर हे जुळं भावंड विस्कटून जातं. लांबून आलेल्या लहरीला मात्र दुसरा बिट द्यावाच. सोपं करताना कुठे थांबायचं हे कळावं म्हणून हे लिहिते.

आणखी काही जुन्या युक्त्यांचा लेखात उल्लेखही नाही. १९६१ मध्ये जेसी बटलर आणि राल्फ लो यांनी मांडलेली बटलर मॅट्रिक्स घ्या. चार अँटेनांसाठी चार हायब्रिड जोडण्या (लहर दोन वाटांत निम्मी-निम्मी वाटणाऱ्या) आणि ४५ अंशांचे दोन ठरलेले उशीर, सगळं तांब्याच्या पट्ट्यांत कोरलेलं, वीज कशालाच लागत नाही. तिला चार दारं असतात. पहिल्या दारातून लहर आत सोडली की झोत एका दिशेला, दुसऱ्यातून सोडली की दुसऱ्या. अर्ध्या तरंगलांबीचं अंतर धरलं तर १४.५ आणि ४८.६ अंश, दोन्ही बाजूंना. दार निवडायला एक स्विच पुरतो. नवख्यांची फजिती होते ती इथे: चार दारांतलं एकही सरळ समोर उघडत नाही! समोरचा झोत नेमका हवा असेल तर ही मॅट्रिक्स घेऊ नका किंवा अँटेनाच थोडी तिरकी लावा. मला मौज वाटते ती वेगळीच. या जोडणीची आकृती आणि १९६५ मध्ये गाजलेल्या जलद फूरिये गणनेची (सिग्नलमधल्या फ्रिक्वेन्सी झटपट वेगळ्या काढणाऱ्या गणिताची) आकृती जवळपास एकच आहे. जे गणित संगणकाने करायचं ते तांबं आधीच करत होतं, तेही लहरीच्या वेगाने.

लेस्टर व्हॅन अॅटा यांनी तर १९५० च्या दशकात अशी रचना दिली जिच्यात कोन ठरवायलाच कुणी लागत नाही. मध्यापासून सारख्या अंतरावरच्या अँटेनांच्या जोड्या सारख्या लांबीच्या तारांनी जोडायच्या. एकीने ऐकलेलं दुसरी बोलते, त्यामुळे उशिरांचा क्रम उलटतो आणि लहर जिथून आली तिथेच परत जाते. सायकलच्या मागचा लाल रिफ्लेक्टर उजेडाशी असंच वागतो. प्रोसेसर नाही, प्रोग्राम नाही, बिट नाही.

मोबाइलच्या टॉवरवरची उभी पांढरी फळी सगळ्यांच्या रोजच्या पाहण्यातली. तिच्यात खालून वर घटकांची रांग असते आणि झोत जमिनीकडे कलवायला फळी वाकवावी लागत नाही. आत तांब्याच्या पट्ट्यांवर प्लास्टिकसारख्या पदार्थाच्या चकत्या सरकतात. चकतीखाली लहर मंदावते, उशीर वाढतो. सगळ्या चकत्या एकाच दांड्याला अशा प्रमाणात बांधलेल्या असतात की पहिली जेवढी उशीर करते त्याच्या दुप्पट दुसरी, तिप्पट तिसरी. म्हणून मोटर एकच लागते, आणि ती कोन बदलतानाच तेवढी चालते. एरवी बंद. फळी प्रत्यक्ष पुढे वाकवली तर पुढचा झोत खाली येतो पण पाठीमागचा वर उचलला जातो. चकत्यांनी कलवलेला झोत सगळीकडे सारखा खाली येतो. म्हणजे जे सोपं तेच इथे चांगलंही आहे.

आणि सगळ्यात मोठं उदाहरण पोर्तो रिकोमधल्या अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीचं. ३०५ मीटरची वाटी, जमिनीत रोवलेली, हलणं अशक्य. वाटी परवलयाची न करता गोलाची केली, वर टांगलेला रिसीव्हर सरकवला, की झोत डोक्यावरून २० अंशांपर्यंत कुठेही. २०२० मध्ये ती कोसळेपर्यंत सत्तावन्न वर्षं आकाशाकडे असंच पाहणं चाललं. उटीच्या दुर्बिणीत तर डोंगरच कामाला लावला आहे. ५३० मीटर लांबीची ती अँटेना ज्या उतारावर आहे त्याचा कोन आणि तिथला अक्षांश एकच, सुमारे ११ अंश. त्यामुळे तिचा लांब अक्ष आपोआप पृथ्वीच्या अक्षाला समांतर झाला, आणि एकाच अक्षाभोवती फिरवली की तारा तासन्‌तास नजरेत राहतो. जी दुसरी दिशा उरली ती घटकांना उशीर लावून सांभाळली. इतक्या अवजड यंत्राचं निम्मं गणित डोंगराने सोडवलं, आणि त्यासाठी फक्त जागा नीट निवडावी लागली.

सक्रिय अँटेनांशी माझं वैर नाही. एकाच वेळी दहा जणांकडे दहा झोत पाठवायचे असतील तर सोबत्यांच्या अँटेनाला ते जमणार नाही. तिच्यात रिसीव्हर एक, त्यामुळे एका क्षणी ती एकाच दिशेचं ऐकते. कोण कुठून बोलतंय हे कळायला तिला दिशा बदलत राहावं लागतं. काही अंशांचा सुईसारखा झोत हवा असेल तर घटक वाढवावेच लागतात. आठ घटकांच्या रांगेचा झोत १३ अंशांच्या आसपास असतो, दांड्या-स्विच करून तिथे पोचता येत नाही. मोठी ताकद, रुंद पट्टा, झपाट्याने हलणारा उपग्रह, अशा ठिकाणी गुंतागुंत सोसावी लागते आणि ती सोसणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण भिंतीवरचा राउटर, शेतातला किंवा कारखान्यातला बॅटरीवरचा सेन्सर, एकदा लावला की जागचा न हलणारा बिंदू-ते-बिंदू दुवा, अशांना बारा दिशा पुरून उरतात. त्यांच्यामागे १६ अॅम्प्लिफायर लावणारे प्रस्ताव मी पाहिले आहेत, आणि त्यांचं कारण विचारलं तर 'नवीन आहे' याखेरीज उत्तर मिळालेलं नाही.

पॅसिव्ह भागही त्रास देतातच, हेही प्रामाणिकपणे सांगते. गंजलेला स्क्रू वीज घेत नाही, प्रोग्राम चालवत नाही, तरी दोन मजबूत सिग्नल त्यातून गेले की तिसरा, चौथा जन्माला घालतो. टॉवरवर काम करणाऱ्यांना हा ताप चांगला ठाऊक आहे. एकदा मी सबंध दिवस एका वॉशरच्या मागे घालवला आहे. तेव्हा 'निष्क्रिय' शब्द त्यालाही लागू नव्हता.

वाचकांपैकी कुणाच्या राउटरला बाहेर दिसणारी एकच दांडी असेल तर त्यांनी स्वतः पाहावं. तांब्याची जाडसर तार ६.३ सेंटीमीटर कापावी आणि २.४ गिगाहर्ट्झवर असलेल्या त्या दांडीच्या मागे तीन सेंटीमीटरवर, दांडीला समांतर, पुठ्ठ्यावर चिकटवून उभी करावी. कशालाही जोडू नये. दांडीतला खरा घटक प्लास्टिकच्या आत कुठेतरी असतो, म्हणून तार थोडी वर-खाली करून पाहावी. फोनवरच्या चार रेघांवर विश्वास ठेवू नका, त्या फार ढोबळ असतात. सिग्नल डेसिबलमध्ये दाखवणारं एखादं अॅप घ्या, खोलीच्या दुसऱ्या टोकाला फोन एका जागी ठेवून द्या आणि तार राउटरच्या भोवती हळूहळू फिरवा. तुम्ही स्वतः मध्ये उभे राहू नका, माणूसही लहरींसाठी चांगलाच अडथळा असतो. फोनच्या बाजूला तार आली की सिग्नल उतरेल, पाठीमागे गेली की चढेल. दांड्या दोन-तीन असतील तर गोंधळ होईल, मग नाद सोडावा.

शब्दाचं काय करायचं ते आपण ठरवा. सरळ 'पॅसिव्ह' छापलंत तरी चालेल, कारखान्यात आणि प्रयोगशाळेत सगळे तेच म्हणतात. 'परोपजीवी'च्या जागी मात्र 'सोबती' घ्यावा अशी विनंती आहे. त्यावर कुणाचा हक्क नाही, तो आमच्या मेकॅनिकच्या तोंडचा आहे.

आपली,
एक निवृत्त अँटेना-इंजिनिअर

ता. क. लेखासोबतच्या चित्रात यागी अँटेनाच्या झोताचा बाण सगळ्यात लांब दांडीच्या बाजूला काढला आहे. तो उलटा हवा, आखूड दांड्यांकडे. कुणी ते चित्र पाहून गच्चीवरची अँटेना फिरवण्याआधी दुरुस्ती छापता आली तर बरं होईल.